चिल्टन डी.डब्ल्यू.1 : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या विमानांबद्दल गप्पा निघाल्या की स्पिटफायर आणि टायगर मॉथवर तास न् तास बोललं जातं. चिल्टनचं नाव घेतलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "हे कुठलं?" साहजिकच आहे, कारण ही विमानं मुळात चारच बनली. या विमानाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

चिल्टन डी.डब्ल्यू.1 हे नेमकं काय आहे?

एका माणसापुरतं, लाकडी, एकपंखी ब्रिटिश विमान. पंख खालच्या बाजूला, चाकं कायम बाहेर, शेपटाखाली चाकाऐवजी घसरपट्टी. पंखांचा पसारा 7.32 मीटर, लांबी साधारण साडेपाच मीटर. रिकामं वजन 180 किलो आणि वैमानिक, पेट्रोल, सामान धरून 290 किलो. पहिलं उड्डाण एप्रिल 1937 मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या विटनीच्या विमानतळावर झालं.

त्या काळी अशा विमानांना 'अल्ट्रा लाइट' म्हणायचे. हौस म्हणून उडवायचं, शर्यतीत न्यायचं, रविवारी दोन गावं पलीकडे जाऊन चहा पिऊन परत यायचं, यासाठी ते होतं.

नावातलं 'डी.डब्ल्यू.' कशाचं?

डॅल्रिम्पल आणि वॉर्ड. अँड्र्यू डॅल्रिम्पल आणि रेजी वॉर्ड हे दोघे डी हॅविलंड कंपनीच्या टेक्निकल स्कूलचे विद्यार्थी. या शाळेत मुलांना नुसतं कागदावर शिकवत नसत. विद्यार्थी स्वतः विमानं आखायचे, बांधायचे आणि शर्यतीतही उतरवायचे. त्यांच्या 'टी.के.' मालिकेतली विमानं त्या वर्तुळात चांगलीच गाजलेली होती. तिथून बाहेर पडलेल्या दोन विशीतल्या पोरांनी नोकरी शोधण्याऐवजी आपलंच विमान बांधायला घेतलं.

'चिल्टन' हे नाव जागेवरून आलं. हंगरफर्डजवळच्या लेव्हर्टन गावातली चिल्टन लॉज ही वॉर्ड कुटुंबाची मालमत्ता. तिच्या आवारातल्या इमारतींत कारखाना थाटला. थोडक्यात, खिशात पैसा होता आणि जागा घरची होती. हौशी विमानबांधणीच्या गोष्टी सांगताना हा भाग बहुधा गाळला जातो, पण तो गाळला तर कारखान्याचं भाडं कुठून आलं हा प्रश्न उरतोच.

पहिल्यांदा ते कोणी उडवलं?

रॅनल्ड पोर्टियस. हाच पुढे ऑस्टर कंपनीचा चाचणी वैमानिक म्हणून प्रसिद्ध झाला. ऑस्टर विमानं भारतीय सैन्याच्या तोफखान्याकडेही होती, तोफांचा मारा नीट पडतोय का ते वरून पाहायला. चिल्टनच्या गोष्टीत आपल्या ओळखीचा धागा सापडतो तो असा आडवळणाने.

मोटारीचं इंजिन लावलं होतं हे खरं का?

हो. इंजिनाचं नाव कार्डन-फोर्ड. मूळ इंजिन फोर्ड टेन या मोटारीचं, 1172 सीसी, चार सिलिंडर, पाण्याने थंड होणारं. त्यात फेरफार करून ते विमानाजोगतं केलं ते सर जॉन कार्डन यांनी. कार्डन हे मुळात रणगाड्यांचे आरेखक. त्यांची टँकेट, म्हणजे चिमुकले रणगाडे, युरोपभर नकलली गेली. डिसेंबर 1935 मध्ये सबेना कंपनीच्या प्रवासी विमानाला इंग्लंडमध्ये टॅट्सफील्डजवळ अपघात झाला, त्यात ते गेले. आपलं इंजिन चिल्टनमध्ये बसलेलं त्यांना पाहायला मिळालं नाही.

मोटारीचं इंजिन घेण्यामागचा हिशेब सोपा होता. खास विमानासाठी घडवलेलं इंजिन महाग पडायचं. फोर्डचे भाग कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये मिळायचे आणि ते खोलून जोडणारा मिस्त्रीही तिथेच असायचा.

मग आजही लोक मोटारीचं इंजिन विमानात घालायला का कचरतात?

कारण मोटार आणि विमान इंजिनाकडून वेगवेगळं काम मागतात. सपाट रस्त्यावर चालणारी मोटार आपल्या ताकदीचा थोडासाच भाग वापरत असते. वेग घ्यायचा, सोडायचा, सिग्नलला थांबायचं, इंजिनाला सारखी उसंत मिळते. विमानात तेच इंजिन तास तास जवळजवळ पूर्ण जोरावर चालतं. उष्णता साठत जाते, बेअरिंगवर ताण येतो, पाण्याची नळी फुटली तर बाजूला घेऊन बॉनेट उघडायची सोय नसते.

दुसरी अडचण फेऱ्यांची. मोटारीचं इंजिन जास्त फेऱ्यांवर ताकद देतं, तर प्रोपेलर सावकाश फिरणारा आणि मोठा असला की चांगलं काम करतो. मधे गिअर घातला तर वजन आणि किंमत वाढते. नाही घातला तर छोटा प्रोपेलर भराभर फिरवावा लागतो आणि ताकद थोडी वाया जाते. चिल्टनसारखं अत्यंत हलकं विमान असल्यामुळे हे सगळं निभावलं. जड विमानात निभावलं नसतं.

32 अश्वशक्तीवर ताशी 180 किलोमीटर? आकडा फुगवलेला नाही ना?

नाही. आणि या विमानाची सगळी करामत याच उत्तरात आहे, त्यामुळे जरा सविस्तर.

आधी तुलना. टायगर मॉथ आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. भारतातल्या कितीतरी वैमानिकांनी त्यावर धडे गिरवले. टायगर मॉथचं इंजिन 130 अश्वशक्तीचं आणि कमाल वेग ताशी 109 मैल. चिल्टनचं इंजिन 32 अश्वशक्तीचं आणि कमाल वेग ताशी 112 मैल, म्हणजे 180 किलोमीटर. चौपट ताकदीचं विमान वेगात मागे! आजच्या भाषेत सांगायचं तर टाटा नॅनोच्या इंजिनाची ताकद 38 अश्वशक्तीच्या आसपास होती, म्हणजे चिल्टन नॅनोपेक्षाही अशक्त.

हे जमतं कसं? हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट हवा असेल तर ताकद आठपट लागते. म्हणून इंजिन वाढवत बसणं हा वेग मिळवायचा सर्वांत महागडा मार्ग. स्वस्त मार्ग म्हणजे विरोधच कमी करायचा, आणि डॅल्रिम्पल-वॉर्ड यांनी तोच धरला.

टायगर मॉथला दोन मजली पंख, मधे खांब, खांबांमधून ताणलेल्या तारा. प्रत्येक तार हवा ओढते. चिल्टनच्या पंखांना बाहेर ना खांब ना तार. पंखाचा सगळा भार आतली तुळई पेलते. सांगाडा स्प्रूस लाकडाचा, वर प्लायवूड, त्यामुळे कापडी पंखावर फासळ्या दिसतात तशा लाटा इथे उमटत नाहीत. धड माणसाच्या खांद्यांना पुरेल एवढंच रुंद. इंजिन बसकं, त्यामुळे नाकही चिंचोळं. चाकांचे पाय उघडे न ठेवता त्यांना वरपासून खालपर्यंत आवरण घातलेलं. यातली एकही युक्ती त्या दोघांनी शोधलेली नाही. पण एवढ्या स्वस्त, एवढ्या छोट्या विमानात त्या सगळ्या एकत्र आणि इतक्या नेटक्या कोणी बसवल्या नव्हत्या.

हा घनाचा नियम चिल्टनच्याच घरात तपासून पाहता येतो. चौथ्या विमानाला 44 अश्वशक्तीचं इंजिन लावलं. 44 भागिले 32 म्हणजे 1.375, त्याचं घनमूळ 1.11. जुना वेग 112 मैल गुणिले 1.11 केलं की 124 ते 125 येतात. प्रत्यक्षात 1939 च्या फोकस्टन शर्यतीत हे विमान ताशी 126 मैल वेगाने जिंकलं. वरचा मैल-दीड मैल कुठून आला असेल? नवं इंजिन हवेने थंड होणारं होतं, पाण्याचा रेडिएटर गेला. माझ्या मते तिथून.

इतकं गुळगुळीत विमान उतरवताना त्रास होत नसेल?

विरोध कमी म्हणजे वेग सहजी कमी होत नाही, हे बरोबर आहे. त्यासाठी पंखाच्या मागच्या कडेखाली फ्लॅप दिलेले होते. ते खाली सोडले की विमान सावकाश आणि जरा तिरकं खाली येऊ शकतं. 1937 सालच्या एवढ्या छोट्या विमानावर फ्लॅप असणं ही चैनच म्हणायची.

आसन एकच, मग शिकवणारा कुठे बसायचा?

कुठेच नाही. एकआसनी विमानाची हीच गंमत आणि हीच भीती. त्या विमानातलं तुमचं पहिलं उड्डाण एकट्यानेच करायचं. आधी दुहेरी नियंत्रणाच्या मॉथसारख्या विमानावर परवाना मिळवायचा, मग ज्याने चिल्टन उडवलंय त्याच्याकडून जमिनीवर सगळं समजून घ्यायचं, आणि एके दिवशी आत बसायचं.

बसण्याआधीच खरी कसरत सुरू होते. विजेचा स्टार्टर नाही. चाकांना अडथळे लावायचे, स्विच बंद असल्याची खात्री करायची, मदतनीस प्रोपेलर हाताने दोन-चार वेळा फिरवून पेट्रोल आत खेचून घेतो, मग ओरडून 'कॉन्टॅक्ट' म्हणायचं, स्विच चालू, आणि तो पातं जोरात खाली ओढून त्याच झटक्यात मागे सरतो. मागे सरणं पातं ओढण्याइतकंच महत्त्वाचं. जुन्या विमानांवर बोटं आणि हात गेल्याच्या गोष्टी याच क्षणातल्या आहेत.

इंजिन सुरू झालं की पुढचं दिसत नाही. शेपूट खाली असल्यामुळे नाक वर असतं, म्हणून गवतावरून जाताना विमान नागमोडी न्यायचं. डावीकडे वळलं की उजव्या बाजूने पुढचं बघायचं, उजवीकडे वळलं की डाव्या बाजूने. वेग आला की शेपूट उचलतं आणि मग क्षितिज दिसू लागतं.

शिवाय हलक्या विमानात इंधनाने आणि वैमानिकाच्या वजनानेही फरक पडतो. रिकामं आणि भरलेलं यांत फरक 110 किलोचा. त्यात माणूस, पॅराशूट, पेट्रोल, तेल, पिशवी सगळं बसवायचं. दिवाळीत दोन किलो वाढलेल्या माणसाने तेवढं पेट्रोल कमी भरावं, असा साधा हिशेब.

किंमत किती होती? रुपयांत किती?

315 पौंड. त्या काळी रुपयाचा भाव एक शिलिंग सहा पेन्सला बांधलेला होता, म्हणजे पौंडाला 13 रुपये 5 आणे 4 पै. हिशेब केला की बरोबर 4,200 रुपये होतात.

यापेक्षा बोलकी तुलना दुसऱ्या विमानांशी. डी हॅविलंडचं मॉथ मायनर 1939 मध्ये 575 पौंडांना होतं. ते दोन आसनी होतं हे खरं, पण कंपनीही केवढी. कॉम्पर स्विफ्ट हे त्याआधीचं नावाजलेलं एकआसनी विमान साधारण 550 ला मिळायचं. त्यांच्यापुढे चिल्टन स्वस्तच, पण सामान्य कारकुनाच्या आवाक्यातलं ते कधीच नव्हतं.

एवढं चांगलं होतं तर खपलं का नाही?

कारणं दोन, आणि दोन्ही वेळेची.

पहिलं, त्याच्या आधीच हलक्या विमानांचं नाव खराब झालेलं. फ्रान्समधल्या आंरी मिन्ये या अवलियाने 'पू द्यू सिएल', म्हणजे शब्दशः आकाशातली ऊ, इंग्रजांच्या तोंडी उडती पिसू, नावाचं घरी बांधायचं विमान काढलं. 1935 मध्ये इंग्लंडमध्ये त्याचं वेड लागलं. सुताराच्या हत्यारांवर विमान बनतं म्हटल्यावर कोण सोडेल? पण काही पिसू खाली झेप घेतल्यावर परत सरळ होईनात, माणसं मेली, वाऱ्याच्या बोगद्यात तपासणी झाली आणि 1936 मध्ये परवाने मिळणं थांबलं. दुसऱ्याच वर्षी चिल्टन आलं. त्याची पिसूशी बरोबरी होऊच शकत नाही, पण 'छोटं स्वस्त विमान' म्हटलं की गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे काय यायचं ते उघड आहे.

दुसरं कारण 3 सप्टेंबर 1939. युद्ध सुरू झालं आणि ब्रिटनमधलं खाजगी उड्डाण बंद पडलं. दोन आसनी डी.डब्ल्यू.2 चं काम हाती घेतलेलं होतं, ते तसंच राहिलं.

तिसरं कारण मी पुढे करणार नाही. 'मोठ्या कंपन्यांनी दाबलं' वगैरे जे अधूनमधून ऐकू येतं, त्यात काही दम नाही. हा दोन मित्रांचा उद्योग होता आणि त्यांना दोनच वर्षं मिळाली.

ती चार विमानं कोणती?

नोंदणीच्या अक्षरांनीच ती ओळखली जातात. पहिलं जी-एईएसझेड. मग जी-एएफजीएच आणि जी-एएफजीआय. ही तिन्ही कार्डन-फोर्डवाली. चौथं जी-एएफएसव्ही, त्याला डी.डब्ल्यू.1ए म्हणतात.

चौथ्याला 'ए' का?

इंजिन बदललं म्हणून. 44 अश्वशक्तीचं फ्रेंच 'त्रँ' इंजिन, चार सिलिंडर एका रांगेत आणि उलटे टांगलेले, हवेने थंड होणारे. हे इंजिन बनवणारा एमिल त्रँ हा स्वतः जुना वैमानिक. 1911 मध्ये पॅरिस-माद्रिद शर्यतीच्या वेळी त्याचं विमान इसी-ले-मुलिनोच्या मैदानावर बघ्यांच्या घोळक्यात कोसळलं आणि फ्रान्सचा युद्धमंत्री मोरिस बर्तो जागीच ठार झाला. एवढं होऊनही माणूस विमानांच्या धंद्यातून बाहेर पडला नाही, आणि पाव शतकाने त्याचं इंजिन इंग्लंडमधल्या सर्वांत देखण्या छोट्या विमानात बसलं.

महायुद्धात चिल्टन वापरली गेली का?

लढाईत नाही. एका माणसापलीकडे काहीच वाहून न नेणारं 32 अश्वशक्तीचं विमान हवाई दल घेऊन करणार काय? मोठी खाजगी विमानं निरोप्या म्हणून, शिकवण्यासाठी सरकारने ताब्यात घेतली. छोटी जिथे होती तिथे गोठ्यात, गोदामात पडून राहिली.

पडून राहणंही सुरक्षित नव्हतं. जुलै 1940 मध्ये हूटन पार्क इथल्या घोडदौडीच्या प्रेक्षागाराला आग लागली. तिच्याखाली साठवलेल्या खाजगी विमानांची राख झाली. जर्मन बॉम्बची त्यासाठी गरजच पडली नाही. हे लक्षात घेतलं की चारही चिल्टन युद्धातून शाबूत निघाली याचं नवल वाटतं.

कंपनी मात्र युद्धभर कामात होती. इतर विमान कंपन्यांसाठी सुटे भाग बनवण्याचं काम तिला मिळालं. लाकूडकामात हात बसलेल्या कारागिरांना त्या वर्षांत काम कमी नव्हतं.

युद्ध संपल्यावर पुन्हा उत्पादन का झालं नाही?

1 जानेवारी 1946 ला ब्रिटनमध्ये खाजगी उड्डाणावरची बंदी उठली. त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, 25 डिसेंबर 1945 ला, अँड्र्यू डॅल्रिम्पल गेला. हंगरफर्डला, म्हणजे घराच्या अंगणातच, तो जर्मनांकडून ताब्यात आलेलं फिझेलर स्टॉर्च हे सावकाश उडणारं छोटं विमान उडवत होता. ते कोसळलं आणि बरोबरचाही माणूस गेला.

त्या वेळी कंपनीने वेगळाच डाव मांडलेला होता. हान्स याकोब्स या जर्मन आरेखकाने 1939 मध्ये 'मायझे' नावाचं ग्लायडर आखलं होतं. 1940 च्या ऑलिम्पिकमध्ये ग्लायडिंगचा समावेश व्हायचा होता आणि सगळ्या देशांनी एकच नमुना उडवायचा, असं ठरून मायझेची निवड झालेली. ऑलिम्पिक झालंच नाही. चिल्टनने त्याच आराखड्यावरून ब्रिटिश ग्लायडर बनवायला घेतलं. डॅल्रिम्पलनंतर ते काम शेजारच्या न्यूबरीमधल्या एलियट्स या फर्निचरच्या कारखान्याकडे गेलं आणि 'ऑलिम्पिया' या नावाने ते ग्लायडर पुढे खूप चाललं. चिल्टन कंपनी विजेच्या सामानाकडे वळली.

युद्ध चालू असतानाच बनलेलं एकआसनी हलकं विमान आहे का?

आहे, आणि ते जर्मनीत. ब्राउनश्वाइगच्या तंत्रमहाविद्यालयात प्राध्यापक हेर्मान विंटर यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून 'एलएफ-1 त्साउनक्योनिग' बनवलं. 1942 साल, स्टालिनग्राडची लढाई जुंपलेली, आणि इकडे पोरं 50 अश्वशक्तीच्या त्सुंडाप इंजिनाचं खेळण्यासारखं विमान जोडतायत!

चिल्टनच्या अगदी उलट विचार. पंख वैमानिकाच्या डोक्यावर, पुढच्या कडेला फट ठेवणारी पट्टी, मागे मोठाले फ्लॅप. हेतू वेगाचा नव्हताच. नवशिक्याकडून चूक झाली तरी विमानाने त्याला सांभाळून घ्यावं, सावकाश उडावं, छोट्याशा शेतात उतरावं. कमाल वेग ताशी 140 किलोमीटर, उतरताना पन्नाशीच्या आसपास. विंटर यांनी आधी बल्गेरियातल्या सरकारी कारखान्यात विमानं आखली होती आणि फिझेलर स्टॉर्चच्या आखणीतही त्यांचा हात होता, त्यामुळे मंद उडणारं विमान कसं बांधायचं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. डॅल्रिम्पल ज्या स्टॉर्चमध्ये गेला ते याच घराण्यातलं.

त्साउनक्योनिगचा दुसरा नमुना युद्धानंतर ब्रिटिशांनी फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात नेला, तपासला, आणि 1949 मध्ये जी-एएलयूए या नोंदणीने तो हौशी वैमानिकांच्या संघटनेकडे आला. तिथून आयर्लंड, तिथून परत जर्मनी. दुर्मीळपणात चिल्टनही त्याच्यापुढे फिकं. पण मला निवड करायला सांगितली तर मी चिल्टनच घेईन. चुका पोटात घालणारं विमान शिकाऊ माणसाला छान; चिल्टन उडवणाऱ्याला स्वतःला नेटकं व्हावं लागतं.

युद्धानंतर चिल्टनचं काय झालं?

चौघंही पुन्हा उडाली. 1947 मध्ये जी-एएफएसव्हीने 100 किलोमीटरच्या बंद वर्तुळावर आपल्या वजनगटाचा वेगाचा विक्रम केला, ताशी 123 मैलांच्या वर. तेव्हा हवाई दलं जेट विमानांकडे वळत होती, आणि इकडे आठ वर्षं जुनं, 44 अश्वशक्तीचं लाकडी विमान विक्रमाच्या यादीत! 1950 च्या दशकात ती शर्यतींत दिसायची. इंजिनंही बदलत गेली. मोटारीच्या इंजिनाच्या जागी वॉल्टर मायक्रॉनसारखी खास विमानी इंजिनं आली. जी-एईएसझेडला 1953 मध्ये फेलिक्सस्टोला मोठा अपघात झाला आणि कितीतरी दशकं ते मोडक्या अवस्थेत होतं. नंतर ते पुन्हा उभं करून उडवलं.

भारतात कधी आलं होतं का?

चिल्टन नाही. जुहूच्या मैदानावर 1928 पासून बॉम्बे फ्लाइंग क्लब होता, जे.आर.डी. टाटांनी फेब्रुवारी 1929 मध्ये पहिल्या क्रमांकाचा परवाना तिथूनच मिळवला, पण तिथे राज्य मॉथचं.

चिल्टनचा थोरला भाऊ शोभेल असं कॉम्पर स्विफ्ट मात्र आलं होतं. व्हीटी-एडीओ हे लाल रंगाचं स्विफ्ट आल्बन अली या चहामळेवाल्याचं. त्याने त्याचं नाव 'स्कार्लेट एंजल' ठेवलं होतं आणि 1933 मध्ये ते भारतातून इंग्लंडला न्यायला तो निघाला. एकट्याने, उघड्या कॉकपिटमध्ये, वाटेत वाळवंट. ते विमान आज इंग्लंडमधल्या ओल्ड वॉर्डन इथल्या शटलवर्थ संग्रहात आहे.

'लाइट स्पोर्ट' वर्गात चिल्टन बसलं असतं का?

अमेरिकेत 2004 मध्ये जो लाइट स्पोर्ट वर्ग आला, त्यात तेव्हा वजनाची मर्यादा 600 किलो, सपाट उड्डाणात वेग 120 नॉट (ताशी सागरी मैल), आसनं जास्तीत जास्त दोन, चाकं कायम बाहेर, अशा अटी होत्या. चिल्टन 290 किलो आणि 97 नॉट. आरामात बसलं असतं.

नवं बांधता येतं का? आपल्याकडे?

ब्रिटनमध्ये हौशी मंडळींनी जुन्या आराखड्यांवरून नवी चिल्टन बांधली आहेत. तिथे लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन ही संस्था आराखडा तपासते, बांधकाम टप्प्याटप्प्याने पाहते आणि उड्डाणाच्या परवान्याची वाट दाखवते. सुतारकाम अवघड असलं तरी अशक्य नाही. सरस, स्प्रूस आणि विमानी दर्जाचं प्लायवूड यांत काटकसर करायची नाही, एवढं पथ्य.

आपल्याकडे विचारणाऱ्याच्या मनात अमोल यादव असतात, कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे. त्यांचं विमान चिल्टनपेक्षा कितीतरी मोठं, पण कष्ट कुठे पडतात ते त्यांच्या उदाहरणावरून कळतं. 2016 मध्ये विमान मुंबईतल्या 'मेक इन इंडिया'त लोकांसमोर आलं, नोंदणी 2017 मध्ये मिळाली, उडवायची परवानगी 2019 मध्ये. लाकूड कापण्याआधी नागरी विमान वाहतूक संचालनालयाचे नियम वाचायला घ्या.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर?

चिल्टन खाजगी मालकांकडे आहेत, त्यामुळे अमुक दिवशी अमुक ठिकाणी दिसेलच असं नाही. उन्हाळ्यात इंग्लंडला जाणार असाल तर ओल्ड वॉर्डनच्या हवाई प्रदर्शनाचं वेळापत्रक आधी बघा. चिल्टन नसलं तर स्कार्लेट एंजल तरी पदरात पडेल.

मॉडेल बनवायचं आहे. कुठल्या मापाचं घ्यावं?

चौथाई. पंखांचा पसारा 183 सेंटिमीटर होतो, विमान दोन तुकड्यांत मोटारीच्या मागच्या सीटवर मावतं आणि वाऱ्यात डगमगत नाही. यापेक्षा छोटं केलं तर पंख आखूड आणि वजन जास्त अशी गत होऊन ते उतरताना झटकन एका अंगावर कलंडतं. चाकांच्या पायांवरची आवरणं काढता-घालता येतील अशी करा. आपल्याकडच्या मैदानांवर गवत चार बोटं वाढलेलं असलं की ती पहिल्याच उतरणीत अडकून तुटतात.